‘तू नुसते ओठ हलव’ : तिसरीच्या संगीत-तासाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शाळा प्राथमिक, वर्ग तिसरीचा, पट चाळीसच्या आसपास. संगीताचा तास आठवड्यातून एकदाच, पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाचेक मिनिटं मुलं रांगेने संगीताच्या खोलीत येऊन बसेपर्यंतच संपतात. खोलीत एक कीबोर्ड, एक खंजिरी, खुळखुळ्यांनी भरलेलं खोकं आणि भिंतीवर कधीकाळी कोणीतरी लावलेला सप्तकाचा तक्ता. शिकवणाऱ्या बाई रीतसर गाणं शिकलेल्या, गळा तयार, मुलांशी वागणं मायेचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना बाईंना शिकवता येत नव्हतं असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं.

तासाची रीत ठरलेली होती. वर्षाच्या सुरुवातीला दोन-तीन गाणी फळ्यावर लिहायची, मुलांनी ती वहीत उतरवायची. मग बाई एक ओळ म्हणणार, वर्ग ती मागून म्हणणार. वार्षिक कार्यक्रम जवळ आला की बाकी सगळं बाजूला आणि एकाच समूहगीताची घोकंपट्टी. कार्यक्रमात गाणं बरं व्हायचं, टाळ्या पडायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला खटकण्यासारखं काही दिसत नव्हतं.

संगीत शिक्षकांचे वर्ग बघून त्यांच्यासोबत तासाची आखणी करणं हे माझं काम. या शाळेत मला बोलावलं गेलं ते एका पालकाच्या चिठ्ठीमुळे. ओळख पटू नये म्हणून इथे शाळेचं, गावाचं, माणसांचं नाव नाही आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.

चिठ्ठी

चिठ्ठी साधी होती. मुलगा घरी गुणगुणायचा, ते यंदा बंद झालं. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, “बाईंनी सांगितलंय, तू नुसते ओठ हलव.” आईने तक्रारीचा सूर लावला नव्हता. तिने एवढंच विचारलं होतं, की संगीताच्या तासाला मुलं नेमकं काय शिकतात ते शाळेने लिहून द्यावं.

मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी बाईंकडे दिली. बाईंनी उत्तर लिहायला घेतलं आणि कागदावर उतरली ती गाण्यांची यादी. प्रार्थना एक, समूहगीत एक, ऋतूंवरचं गाणं एक. खाली ‘सा रे ग म ची ओळख’. बाईंनीच तो कागद बाजूला ठेवला. त्या मला म्हणाल्या, “हे मी काय शिकवलं ते झालं. त्या मुलाला काय येतं, हे विचाराल तर मला खरंच सांगता येणार नाही. मी त्याला एकट्याला कधी ऐकलंच नाही.”

एकट्याला ऐकलं नव्हतं हे तंतोतंत खरं होतं, आणि ते एकट्या त्याच्याबाबतीत नव्हे. चाळीस मुलं एकदम गातात तेव्हा सुरात गाणारी दहा-बारा मुलं बाकीच्यांना झाकून टाकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वर्ग गातोय. त्यात कोण अर्ध्या मात्रेने मागून शेजारच्याचं ऐकून म्हणतंय, कोण एकाच सुरावर शब्द बोलतंय आणि कोण गप्प आहे, यातलं काहीही समोरच्या खुर्चीत कळत नाही. ‘नुसते ओठ हलव’ म्हटलेलं मूल तर आवाजातूनही नाहीसं होतं.

वर्गात काय दिसलं

मी मागच्या रांगेत मुलांच्या मध्ये बसले. तिथून ऐकू येणारं गाणं वेगळंच होतं.

बाई गात होत्या काळी चारमध्ये, म्हणजे कीबोर्डवरची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून. ती त्यांची पट्टी. वर्षानुवर्षं त्या त्याच पट्टीत गातात आणि त्यांच्या गळ्याला ती शोभते. समूहगीताचा मुखडा मात्र षड्जाच्या (सा) खाली जाऊन मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताला (ध) टेकत होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एवढ्या खालचे स्वर नीट निघत नाहीत. त्यामुळे मुखड्यात माझ्या आजूबाजूची मुलं गात नव्हतीच, बोलण्याच्या आवाजात शब्द पुटपुटत होती. अंतरा वर तार षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) गेला, तेव्हा तोच बोलण्याचा आवाज त्यांनी रेटून वर नेला आणि गाण्याचं ओरडणं झालं. बाई म्हणायच्या, “ओरडू नका, गोड म्हणा.” मुलं आवाज बारीक करायची. पट्टी तीच राहायची.

दुसरी गोष्ट लयीची. मुलांना सोपं जावं म्हणून बाईंनी गाणं संथ केलं होतं. मोठ्यांना हे समजुतीचं वाटतं. पण लहान मुलांची अंगभूत गती मोठ्यांपेक्षा जलद असते. मुलाला नुसती टाळी वाजवायला सांगा, ते आपल्याहून भरभर वाजवतं. दोन टाळ्यांमधलं अंतर जितकं वाढेल तितकी पुढची टाळी नेमकी कधी पडणार याचा अंदाज बांधणं त्याला जड जातं. इथे नेमकं तेच होत होतं. संथ गतीत टाळ्या विस्कटत होत्या, आणि टाळ्या विस्कटतात म्हणून बाई गाणं आणखी संथ करत होत्या.

त्यातही अर्धी मुलं मात्रेवर टाळी देतच नव्हती. ती शब्दांवर टाळी देत होती, प्रत्येक अक्षराला एक. गाण्याच्या खालून समान अंतराने चालणारी मात्रा आणि वरून धावणाऱ्या अक्षरांची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वयात आपोआप कळत नाही. ते शिकवावं लागतं. प्राथमिक वर्गांतल्या संगीताच्या तासाचं बरंचसं काम खरं तर इथेच असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते ‘टाळी नीट वाजवा’ या एका सूचनेत उरकलं जातं.

तास संपल्यावर त्या मुलाला आणि आणखी दोघा-तिघांना आम्ही थांबवून घेतलं. सगळ्यांना मिळून एक खेळ दिला. डोळे मिटायचे, बाई कीबोर्डवर तीन सुरांचा तुकडा दोनदा वाजवणार. दोन्ही वेळा तेच वाजलं तर हात वर, वेगळं वाजलं तर हात खाली. ‘ओठ हलव’वाल्या मुलाने जवळपास सगळे तुकडे बरोबर ओळखले. एकदा तर बाईंचंच बोट चुकीच्या पट्टीवर पडलं आणि त्याने डोळे न उघडता हात खाली घेतला.

मग अग्निशामक गाडीचा भोंगा काढायला सांगितला. खालून वर, वरून खाली, घसरत जाणारा आवाज. या मुलाचा आवाज लीलया वर गेला, समूहगीतातल्या सर्वांत उंच स्वराच्याही पुढे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. कान शाबूत होता, वरचा आवाजही गळ्यात होता. गाताना तो आवाज वापरायचा असतो, एवढंच त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

सूर ओळखताच न येण्याची जन्मजात अडचण असते, पण ती फार थोड्या माणसांत. ‘सूर नाही’ असा शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांची गोष्ट या मुलासारखीच निघते. ऐकलेला सूर गळ्यातून काढायचा कसा, तिथे गाडी अडलेली असते. हा सरावाचा भाग आहे.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापिका, बाई आणि मी बसलो तेव्हा चार वाटा चर्चेत आल्या.

सर्वांत सोपी वाट म्हणजे आईला समजुतीचं पत्र पाठवायचं. संगीताने एकाग्रता वाढते, गणित सुधारतं, बुद्धी तल्लख होते, असं काहीतरी. मुख्याध्यापिकांना हे पसंत होतं, कारण पालकांना ते आवडतं. माझा याला ठाम विरोध होता. या समजुतीचं मूळ बऱ्याच अंशी १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात ३६ कॉलेज विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. त्यात लहान मुलं नव्हती, आणि कुणी गाणं शिकलंही नव्हतं. शिवाय आईने गणिताबद्दल विचारलंच नव्हतं. उद्या मुलाचं गणित सुधारलं नाही, तर संगीताचा तास त्याच न्यायाने बंदही करता येईल, हे मी बोलून दाखवलं. पत्र बारगळलं.

दुसरी वाट वाद्यांची. प्रत्येक मुलाला एक रेकॉर्डर, म्हणजे ती प्लॅस्टिकची छोटी बासरी, द्यायची. जगभर प्राथमिक शाळांत ती वापरतात आणि त्यामागे कारण आहे: सूर तयार मिळतो, फुंकर हलकी लागते. पण चाळीस बासऱ्या, एक शिक्षिका आणि आठवड्याला अर्धा तास, हे गणित बसेना. बोटांनी भोकं पूर्ण झाकली जात नाहीत तोवर नुसत्या शिट्ट्या निघतात, आणि ती झाकायला शिकवायचं तर एकेका मुलाच्या हाताजवळ बसावं लागतं. हे पुढच्या वर्षावर टाकलं.

तिसरा पर्याय बाईंनी मांडला, आणि चांगल्या मनाने मांडला. ज्यांना गाता येत नाही त्यांच्या हातात खंजिरी, खुळखुळे द्यायचे. कोणी गप्प बसणार नाही, सगळ्यांचा सहभाग. दिसायला याहून बरं काही नाही, आणि म्हणूनच हा पर्याय सर्वांत फसवा वाटला. मुलांना ताबडतोब कळतं की खुळखुळा कुणाला मिळतो. तिसरीत ‘गाणारे’ आणि ‘वाजवणारे’ अशी वाटणी झाली, की ती पुढे सहसा मोडत नाही. आणि ज्याला सूर लावण्याचा सराव सर्वांत जास्त हवा, नेमका त्याचाच सराव थांबतो. वाद्यं वापरायची, पण ती पाळीपाळीने सगळ्यांच्या हातातून फिरतील, असं ठरलं.

चौथी वाट म्हणजे तासाची मांडणीच बदलायची. गाणी कमी घ्यायची आणि दर तासाला प्रत्येक मुलाचा एकट्याचा आवाज एकदा तरी बाईंच्या कानावर पडेल असं काहीतरी करायचं. यावर बाईंचा पहिला प्रश्न रास्त होता: “चाळीस मुलं एकेक करून ऐकायची तर तास पुरेल का? आणि जो लाजतो त्याचं काय?”

काय केलं

वेळेचं उत्तर हजेरीत सापडलं. बाईंनी हजेरी गाऊन घ्यायला सुरुवात केली. त्या नाव घेणार पंचमावरून (प) शुद्ध गंधारावर (ग) उतरत, मुलाने त्याच दोन सुरांवर म्हणायचं, “इथे आहे.” एका मुलाला चार सेकंद धरले तरी चाळीस मुलांची हजेरी तीन मिनिटांत आटोपते. प-ग ही उतरण मुद्दाम घेतली. मुलं एकमेकांना लांबून हाक मारतात, चिडवतात, तेव्हा पुष्कळदा आपसूक याच अंतराने उतरतात. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणपद्धतीतही सुरुवात बहुधा याच दोन सुरांनी होते. सगळं सप्तक पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडण्यापेक्षा दोन सूर पक्के करून तिसरा जोडणं मुलांना झेपतं.

पट्टी बदलली. काळी चारवरून षड्ज पांढरी दोनवर नेला. त्यामुळे पंचम आला पांढरी सहावर, म्हणजे जगभर वाद्यं जुळवायला वापरतात त्या ४४० हर्ट्झच्या स्वरावर. मुलांच्या गळ्याचा मधला, मोकळा भाग साधारण इथेच असतो. याची किंमत बाईंनी मोजली. या पट्टीत समूहगीताचा अंतरा गाताना त्यांचा स्वतःचा गळा ताणला जायचा. काही दिवस त्यांनी हट्टाने गायलं, मग उंच ओळींसाठी वर्गातल्या दोन-तीन मुलांनाच पुढे गायला सांगू लागल्या. योगायोगाने ते फायद्याचं ठरलं, कारण मुलांना दुसऱ्या मुलाचा आवाज पकडायला सोपा जातो. पुरुष शिक्षक असते तर ही गोष्ट आणखी आधी ध्यानात घ्यावी लागली असती. एक सप्तक खालून आलेला आवाज नेमका कुठे धरायचा, यात बरीच लहान मुलं गोंधळतात.

लाजण्याचा प्रश्न हजेरीने अर्धा सोडवला, कारण तिथे प्रत्येकाची पाळी येते आणि लगेच पुढच्याकडे जाते. बाईंनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं. उत्तर कसंही आलं तरी “चूक” म्हणायचं नाही, “शाब्बास” सुद्धा नाही; पुढचं नाव घ्यायचं. वहीत मात्र खूण करायची. खुणा तीनच ठेवल्या: नुसतं बोलला, सुराची दिशा बरोबर पण जागा चुकली, सूर लागला. महिन्यातून एकदा खुणा करायच्या, दर वेळी नाही. नाहीतर हजेरीची परीक्षा झाली असती.

आता तो मुलगा. पहिल्या हजेरीत त्याने “इथे आहे” चक्क बोलून टाकलं, खाली मान घालून. पुढच्या तासालाही तसंच. बाई पुन्हा पुन्हा वरचा पंचम ऐकवत होत्या आणि तो पुन्हा पुन्हा खालीच. आम्ही ठरवलं की त्याला वर बोलावण्याआधी बाईंनीच खाली उतरायचं. तिसऱ्या वेळी त्याने उत्तर दिल्यावर बाईंनी कीबोर्डवर त्याचा सूर शोधला. तो षड्जाच्याही खाली, मंद्रात होता. बाईंनी तोच सूर धरून त्याचं नाव पुन्हा घेतलं. या वेळी दोघांचा आवाज एकावर एक बसला. मुलाने चमकून वर बघितलं. आपला आवाज दुसऱ्या आवाजात मिसळला की कसं वाटतं, हे त्याने बहुधा पहिल्यांदाच अनुभवलं असावं. तिथून पुढे बाई दर आठवड्याला त्याची हाक एका पट्टीने वर सरकवत गेल्या. मध्ये एकदा तो म्हणाला, “बाई, एवढं वर नाही जमत.” बाईंनी दोन पट्ट्या खाली घेतलं, आणि आधी भोंगा काढून मग उत्तर दे म्हणून सांगितलं. भोंग्यावरून घसरत तो सुरावर येऊन थांबायला लागला.

लयीसाठी पाय कामाला लावले. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी लय आधी अंगात यावी, कागदावर नंतर, असा आग्रह धरला होता. त्या वाटेने आम्ही गेलो. गाण्याची गती वाढवली. अर्धा वर्ग जागच्या जागी पावलं टाकून मात्रा धरणार, उरलेला अर्धा शब्दांवर टाळी देणार, मग अदलाबदल. इथे एक गंमत झाली. वर्गात ‘उत्तम गाणारी’ म्हणून ओळखली जाणारी एक मुलगी बाहेर क्लासला जायची. सूर स्वच्छ, पण पाय सतत पुढे पळायचे. आणि सुरात अडखळणारा एक दांडगट मुलगा पावलांत घड्याळासारखा पक्का. सूर आणि लय या दोन क्षमता हातात हात घालून येतातच असं नाही, हे बाईंना माहीत होतं. वर्गाला ते त्या दिवशी दिसलं. त्या मुलाला मात्रा धरायला पुढे उभं केल्यावर त्याचा वर्गातला भाव वधारला. तासाला दंगा करणं त्याने पूर्ण सोडलं नाही, पण मात्रा धरायची पाळी असेल त्या दिवशी तो गुणी असायचा.

स्वतः काही रचण्यासाठी कीबोर्डच्या फक्त काळ्या पट्ट्या वापरल्या. काळी तीन षड्ज धरला तर काळ्या पट्ट्यांवर सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे पाचच स्वर मिळतात, आणि या पाचांत कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशेजारी फारसा खुपत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमन यांच्या शिक्षणपद्धतीत झायलोफोनसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावरून नको त्या पट्ट्या काढून ठेवतात, त्यामागचं तत्त्व हेच. एक मूल चार मात्रांचा प्रश्न वाजवणार, दुसरं चार मात्रांचं उत्तर. उत्तर कुठेही संपलं तरी चालेल, पण षड्जावर संपलं की ‘संपल्यासारखं’ वाटतं, हा शोध मुलांनी स्वतः लावला.

लिहिण्या-वाचण्यावर फार वेळ घालवला नाही. स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, ही भातखंडे स्वरलेखन पद्धतीची खूण आणि चार मात्रांचे खण, इतकंच.

कार्यक्रमाचा पेच

खरी कसोटी लागली ती वार्षिक कार्यक्रम आल्यावर. नव्या मांडणीत तासातली पंधरा मिनिटं हजेरी, पावलं आणि काळ्या पट्ट्या यांत जायची. समूहगीत तीन कडव्यांचं, आणि ते पाठ नव्हतं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, की आता महिनाभर फक्त सराव घेता येईल का. बाई डळमळल्या.

तीन तोडगे निघाले. पूर्ण सरावाकडे परतायचं, गाणं रद्द करायचं, किंवा गाणंच छोटं करायचं. गाणं रद्द करायला माझीही तयारी नव्हती. रंगमंचावर उभं राहून सगळ्यांनी एकदम सुरू करणं आणि एकदम थांबणं हेही शिकणंच आहे आणि मुलांना त्याची ओढ असते. शेवटी एक कडवं गाळलं, आणि त्या जागी मुलांनी काळ्या पट्ट्यांवर रचलेले दोन प्रश्नोत्तराचे तुकडे घेतले. पट्टी बदलायची नाही आणि कुणालाही ‘ओठ हलव’ म्हणायचं नाही, या दोन गोष्टींवर बाई ठाम राहिल्या.

कार्यक्रमात गाणं आधीच्या वर्षाइतकं चकाचक झालं नाही. दुसऱ्या कडव्यात दोन आवाज स्पष्टपणे खाली ऐकू येत होते. एका पालकाने तसं बोलूनही दाखवलं. मुख्याध्यापिका त्या दिवशी नाराज होत्या, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर ते चुकीचंही नव्हतं. पाहुणे ऐकतात ते गाणं. वहीतल्या खुणा त्यांना दिसत नाहीत.

काय हाती लागलं

वर्षअखेरीला वहीत बघितलं तर ‘नुसतं बोलला’ या खुणेची मुलं जेमतेम तीन-चार उरली होती. सुरुवातीला ती वर्गाच्या जवळपास एक तृतीयांश होती. त्या मुलाची खूण ‘सूर लागला’वर आली, पण हजेरीच्या दोन सुरांपुरती. पूर्ण गाण्यात तो अजूनही मध्येच घसरतो, विशेषतः शेजारी जोरात गाणारं कोणी असलं तर. एक मुलगी मात्र सगळे प्रयत्न करूनही हलली नाही. सारखं-वेगळं ओळखण्याच्या खेळातही ती चाचपडत होती. तिची श्रवणतपासणी करून घ्यावी, असं बाईंनी पालकांना सुचवलं. समूहगीतात ती वर्षभर बेमालूम खपून गेली असती.

आईला लेखी उत्तर गेलं, उशिरा का होईना. त्यात गाण्यांची यादी नव्हती. तुमचा मुलगा गाण्याची मात्रा पावलांनी न चुकता धरतो; तुकडा ऐकून तो बदलला की नाही हे सांगतो; गाण्यातली ओळ परत आली की ओळखतो; दोन सुरांत उत्तर देतो, लांब ओळीत अजून अडखळतो; काळ्या पट्ट्यांवर चार मात्रांचं उत्तर स्वतः रचतो; दुसरा वाजवत असताना थांबून ऐकणं त्याला अजून कठीण जातं. असं, प्रत्येक वाक्यात काहीतरी तपासून बघता येण्यासारखं. आईने उलट एकच ओळ पाठवली, की घरी पुन्हा गुणगुणणं सुरू झालंय, पण बहुतेक वेळा भोंगाच.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. दुसरा तास मागितला होता, मिळाला नाही. क्लासला जाणारी मुलगी दोन सुरांच्या हजेरीला कंटाळली. तिला हजेरी घ्यायला बसवलं तेव्हा थोडे दिवस रमली, मग पुन्हा कंटाळली. तिच्यासाठी वेगळं काही आखायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

खुणांची वही पहिल्या महिन्यातच सुरू व्हायला हवी. इथे ती चिठ्ठी आल्यानंतर, वर्ष निम्मं सरत आल्यावर सुरू झाली. त्यामुळे कोण कुठून निघालं, हे थोडं अंदाजानेच सांगावं लागतं.

गाणं निवडतानाच त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर काढून बघावा, आणि तो वर्गातल्या मुलांच्या गळ्याशी ताडून पट्टी ठरवावी. याला पाच मिनिटं लागतात. ही एक गोष्ट झाली असती तर ‘ओरडू नका’ म्हणण्यात गेलेला कित्येक तासांचा वेळ वाचला असता. मला वाटतं, या सगळ्या बदलांतला एकच करायची मुभा असती, तर मी हाच केला असता. हजेरीचा खेळ त्यानंतर.

गती वाढवण्याचा निर्णयही आम्ही उगाच लांबवला. आधी सूर, मग लय, असा क्रम धरला होता. पावलांचा खेळ पहिल्या आठवड्यापासून घेता आला असता, आणि सुरात अडलेल्या मुलांना निदान एका जागी तरी लवकर यश मिळालं असतं.

मुख्याध्यापिकांशी कार्यक्रमाबद्दल आधीच बोलायला हवं होतं. गाणं छोटं होणार, काही आवाज उघडे पडणार, ही कल्पना त्यांना ऐन वेळी मिळाली. वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी निवेदनात दोन वाक्यं घातली असती, की पुढचे तुकडे मुलांनी स्वतः रचले आहेत. तेवढ्याने प्रेक्षकांनी वेगळ्या कानाने ऐकलं असतं.

वर्गशिक्षिकेला यात घेतलं नाही, ही मोठी फट राहिली. आठवड्यातून एकदाच होणारी गाती हजेरी वर्गात रोज सकाळी झाली असती, तर सरावाच्या वेळा पाचपट झाल्या असत्या, तेही संगीताच्या तासाला हात न लावता. त्यासाठी वर्गशिक्षिकेला गाता यायला हवं असंही नाही. सुरात असलेलं एखादं मूल हाक देऊ शकतं. चौथीच्या वर्गशिक्षिकेशी बाईंचं हे बोलणं झालं आहे. त्या म्हणाल्या, आठवड्यातून दोन दिवस करून बघते, रोजचं नंतर बघू. तिसरीची वही बाईंनी त्यांच्याकडे दिली आहे, आणि नव्या तिसरीसाठी नवी वही घातली आहे.